फक्कीनं आखलेलं हृदय

गणपतराव सरांची नि माझी पहिली भेट सेनगावच्या शाळेच्या मैदानावर झाली. मी मराठीचा नवा शिक्षक, सर विज्ञानाचे. कबड्डीच्या रेषा मारायची फक्की घेऊन ते ओणव्यानं चार खोल्या आखत होते. मला वाटलं, घराचा नकाशा.

"हृदय हाय ते," सर म्हणाले. "पोरायला आतून हिंडवायचंय."

वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. काय गोड शब्द! मी ते पुटपुटत राहिलो, तोवर सरांनी मला उजव्या कर्णिकेखालच्या दारात झडप म्हणून उभं केलं. मुलं झाली रक्त. उजवीकडून शिरायचं, खाली उतरायचं, फुप्फुस म्हणून ठरवलेल्या लिंबाखाली श्वास भरून घ्यायचा, डावीकडे परतायचं आणि तिथून शरीरभर, म्हणजे मैदानभर पळायचं. कमल नावाच्या मुलीची चप्पल मागं राहिली. दया येऊन मी तिला माघारी सोडलं, आणि मागची रांग तिच्यावर आदळली.

शिट्टी वाजली. "काय करून राहिले गुरुजी? झडप हायेत तुमी! आलेलं रक्त माघारी सोडायचं न्हाई."

पोरं किती हसली! त्या वर्गातलं कुणीही हृदय विसरलं नसेल.

गेल्या वर्षी मला दम लागू लागला. डावी झडप गळते, शस्त्रक्रिया करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी घाबरून नाही म्हणालो. छाती उघडली तर पाठ केलेल्या कविता सांडतील, असलं काहीबाही बोलून पत्नीला रडवलं. तिनं सरांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सर एसटीनं आखाडा बाळापूरला आमच्या घरी हजर, पिशवीत रांगोळी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे टेकून त्यांनी माझ्या अंगणात हृदय काढलं.

"चाला. डाव्या जवनिकेची भिंत जाड काहून?"

"पार अंगठ्यापर्यंत रक्त ढकलायचं असतं."

"बराबर. अन् वरच्या झडपेतून माघारी गळालं तर?"

मला कमलची चप्पल आठवली. "रांग आदळते."

"तवा म्या शिट्टी वाजवली. आता डॉक्टरायला वाजवू द्या."

"अन् भाऊ, यांच्या कविता?" पत्नीनं विचारलं.

"त्या डोक्यात हायेत, वहिनी. तिथं कोणी हात लावत न्हाई."

मी सही केली. शस्त्रक्रिया होईपर्यंत सर बाहेरच्या बाकावर बसून होते. आज हा लेख मी लिहू शकतो, तो त्यांच्यामुळे.

सरांच्या अमृतमहोत्सवाला मैदानावर पुन्हा फक्की पडणार आहे. सर, आपण निरोगी राहा, शंभरी पाहा आणि त्या दिवशी शिट्टी घेऊन या. माझी जागा मला ठाऊक आहे. कमल आली तर तिलाही माघारी सोडणार नाही.