गुलाबामागचे अप्पा

नांदेड-लातूरकडच्या गुलाबवेड्यांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्याचं नाव निघालं की आजही माझं डोकं फिरतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, इस्लापूरला आत्याकडे गेले होते. परतीच्या गाडीत आत्यानंच बसवून दिलं. हल्ली त्यांना विसर पडतो, म्हणून मी नांदेडच्या फलाटावर आधीच जाऊन उभी होते. गाडी आली, रिकामी झाली, अप्पा काही उतरले नाहीत. फोन बंद. डब्यातल्या एका बाईनं सांगितलं, तसे एक म्हातारबाबा मुदखेडलाच उतरले. मुदखेडला माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. ग्रुपात मात्र तिकडची माणसं होती.

अप्पांचा फोटो काढायचा म्हटलं की ते आधी गुलाबाची फांदी पुढे ओढून धरणार. दुसऱ्या तऱ्हेचा फोटोच माझ्याकडे नव्हता. तोच टाकला आणि खाली लिहिलं, "माझे वडील सापडत नाहीत. पांढरी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. मुदखेड स्टेशनाजवळ कुणी आहे का?"

आमच्या ग्रुपची खोडच अशी की फोटो आला की खालचं कुणी वाचत नाही, आधी पानं बघतात. धडाधड उत्तरं आली. "कळी लई झकास!" "पानं आकसलीत, थ्रिप्सची कीड हाय. आजच फवारा मारा." एकानं कलम मागितलं. एकाला पानाची मागची बाजू बघायची होती. इथे माझे अप्पा सापडत नाहीत आणि ह्या शहाण्यांना पानाची मागची बाजू हवी!

वर अ‍ॅडमिनसाहेब अवतरले. "ग्रुप फक्त गुलाबांसाठी आहे. विषयांतर टाळावे." म्हणजे ह्या माणसानं वाचलं होतं. वाचून हे लिहिलं! गेल्याच महिन्यात ह्यानंच इथे दाताचा डॉक्टर विचारला होता आणि पत्ता मी पाठवला होता. तेव्हा कुठे गेलं होतं विषयांतर? तोंडाला येईल ते मी टाइप करत होते, तेवढ्यात अनोळखी नंबरावरून फोन आला.

"ताई, मी मुदखेडची. आपल्या ग्रुपातलीच हाय. स्टेशनात आले. तुमचे अप्पा बाकड्यावर बसलेत, चहा पाजलाय त्यांना. तुमी सावकाश या."

फोन ठेवला आणि तिथंच भोकाड पसरलं.

अप्पांना घरी आणल्यावर रागारागानं मी सगळी उत्तरं त्यांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"थ्रिप्सच हाय," ते म्हणाले. "बरोबर सांगायलेत."

मग माझ्याकडून फोन घेऊन फोटो डोळ्यांजवळ नेला.

"समद्यांनी झाडच बघितलं व्हय गं? मी न्हाई दिसलो?"

"एका बाईला दिसलात की, अप्पा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"मंग तिला ह्या गुलाबाचं कलम दे. दुसऱ्या कुणालाच देऊ नको."