लिलीच्या मेजावर देवचाफा

आमच्या बाईंना सगळी गल्ली 'उसवबाई' म्हणायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. विणकाम शिकवणाऱ्या बाईची कीर्ती खरं तर ती काय काय विणते याची व्हावी. आमच्या बाईंची झाली ती त्या काय काय उसवतात याची. तीन दिवस मान मोडून केलेला क्रोशाचा रुमाल त्यांच्या पुढ्यात ठेवला की त्या चष्मा कपाळावर सरकवत, रुमाल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरत आणि टोकाचा दोरा चिमटीत पकडून शांतपणे ओढायला लागत. चेहऱ्यावर राग नसे आणि मजा वाटते आहे असंही नसे. मेथी निवडायला बसाव्यात तशा बसून उसवत. मग दोऱ्याची गुंडी आपल्या हातात ठेवून म्हणत, "दोरा चांगला हाय. आता नीट कर."

मी त्यांच्याकडे गेले ती पहिल्या बाळंतपणाच्या आधी. बाळंतविडा स्वतःच्या हातानं करायचा, असं माझ्या डोक्यानं घेतलं होतं. कसबा बावड्यात बाईंच्या दोन खोल्या होत्या आणि तिथे दुपारी तीन ते पाच त्यांचा वर्ग चाले. पहिले मोजे मी मोठ्या तोऱ्यात नेऊन दाखवले. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "हितनं पुढं हात घट्ट झालाय. कुणाशी भांडून बसली हुतीस?" भांडण सासूबाईंशी झालं होतं आणि ते नेमकं त्याच ओळीच्या वेळी. मोजे अर्थातच उसवले गेले. मी संतापून घरी आले, चार दिवस गेले नाही आणि पाचव्या दिवशी मुकाट्यानं जाऊन बसले. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. ज्या पोरासाठी ते मोजे होते, त्याला आता दाढी आहे.

बाई मूळच्या कोडोलीच्या. घर ख्रिस्ती, पुष्कळ पिढ्यांचं. आईनं क्रोशा शिकवला, मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई म्हणून नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर हा वर्ग. लग्न केलं नव्हतं. कोणी कारण विचारलंच तर म्हणत, "वेळ कुठं हुता?" कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत आणि बोलणं एवढं खणखणीत की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला आमच्या सगळ्यांच्या चुका पाठ होत्या. एकदा दळण आणायला गेले तर तो मला म्हणाला, "वहिनी, साखळीत दोन टाके कमी पडले व्हय तुमचे?"

त्यांच्याकडे टिकलेल्या आम्ही पाच जणी. मी, नसीम, पाटीलवहिनी आणि दोघी बहिणी, ज्यांना आम्ही मोठी आणि धाकटी एवढंच म्हणत असू. फाल्गुन लागला की आमची नुसती धांदल उडे. चर्चमधल्या मुलांसाठी ईस्टरची पिवळी पिल्लं करायची, उकडलेल्या अंड्यांना घालायच्या इवल्या टोप्या करायच्या, बायबलात खुणेला ठेवायच्या पट्ट्या करायच्या. तिकडे पाडव्याच्या तोरणांची मागणी सुरू झालेली असे आणि अलीकडे ईदही याच सुमारास येऊ लागल्यामुळे नसीमच्या मांडीवर त्यासाठीच्या पांढऱ्या टोप्यांचा ढीग असे. सगळं एकाच खोलीत, एकाच चहावर. पिल्लं हा प्रकार सगळ्यांत सोपा. दोन गोल विणायचे, आत कापूस भरायचा, चोचीला केशरी टाका घालायचा. चर्चच्या मुलांना देऊन उरतील ती गल्लीतल्या पोरांची. पाटीलवहिनींच्या नातीनं तर आपलं पिल्लू एका वर्षी गुढीला बांधलं होतं. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी तिला आणखी एक दिलं.

फुलांच्या बाबतीत मात्र बाईंचा कायदा कडक होता. दारावरच्या तोरणाला देवचाफा, पाच पाकळ्यांचा. चर्चमधल्या उपासनेच्या मेजाला लिली, सहा पाकळ्यांची. हा मेजावरचा कपडा म्हणजे बाईंचा जीव की प्राण. दर ईस्टरला त्याला नवी किनार लागे आणि ती बाईच विणत. अठ्ठावीस चौकोन, प्रत्येकात एक लिली, सगळं पांढऱ्या दोऱ्यात. आदल्या वर्षीची किनार वाया जात नसे. वर्षभरात ज्या बाळांचा बाप्तिस्मा होई त्यांच्या दुपट्यांना ती तुकड्यातुकड्यानं लागे. चाळीसेक वर्षं हे काम बाईंनी कोणाला शिवू दिलं नव्हतं. आणि उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्या सुईला हात लावत नसत. त्या दिवशी उपास, चर्चमधली तीन तासांची उपासना आणि घरी आल्यावर गप्प बसणं.

दोन वर्षांपूर्वी ईस्टर आणि पाडवा अगदी लागून आले. ईस्टर आधी आणि पुढच्याच आठवड्यात पाडवा. त्या दोन महिन्यांत बाईंनी तोरणंही विणली आणि किनारही. डोळ्यांचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, पण त्याविषयी बोललेलं त्यांना खपत नसे. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दुपारी त्यांनी किनार खोलीतल्या टेबलावर पसरली आणि आम्हाला बघायला बोलावलं. किनार सुंदरच होती. मी बोट फिरवत एकोणिसाव्या चौकोनापर्यंत आले आणि थांबले. पुढचे नऊ चौकोन पाच पाकळ्यांचे होते. तोरण विणता विणता हाताला जी सवय लागली होती, ती लिलीत शिरली होती.

मी मान वर केली. नसीम माझ्याकडेच बघत होती. पाटीलवहिनींनी डोळ्यांनीच मला 'गप्प' म्हटलं. धाकटी उठून चहा टाकायला गेली. म्हणजे सगळ्यांना दिसलं होतं आणि सगळ्यांनी आपापल्या मनात एकच ठरवलं होतं, की म्हातारीला दुखवायचं नाही. पांढऱ्यावर पांढरं, लांबून कोणाला कळणार आहे? रविवारला तीन दिवस उरलेले, त्यातला एक शुक्रवार. मलाही वाटलं, जाऊ दे. पण बाई माझ्याकडे बघत बसल्या होत्या आणि पंचवीस वर्षांत या बाईनं माझी एक चूक पोटात घातली नव्हती. मी गप्प बसले तर आजपासून मी यांना शिक्षक मानत नाही, असा त्याचा अर्थ झाला असता. ते मला जमेना.

मी म्हटलं, "बाई, शेवटचे नऊ चौकोन चाफ्याचे झालेत."

बाईंनी किनार ओढून घेतली. डोळ्यांना लावून पाहिली आणि मग डोळे मिटून बोटानं पाकळ्या मोजल्या. नऊही चौकोन मोजले. मग त्यांनी एकेकीकडे तोंड करून विचारलं, तुला दिसलं होतं का? चौघींनीही होय म्हटलं. बाईंचा चेहरा पडला तो तेव्हा, चूक कळली तेव्हा नव्हे.

"तुमचं मी कधी झाकलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मग माझं कशापायी झाकत हुता? एवढी म्हातारी झालो व्हय मी?"

पाटीलवहिनींनी सावरायचा प्रयत्न केला. देवाला काय, लिली आणि चाफा दोन्ही सारखेच, असं त्या म्हणाल्या. तसं पाहिलं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. बाईंनीही ते मान्य केलं आणि तरी मान हलवली.

"देवाला चालंल. मला चालत न्हाई. चाफा करायचा ठरवून केला असता तर मीच मेजावर घातला असता. मी लिली करायला बसलो हुतो."

मग त्यांनी ते नऊ चौकोन सोडवले आणि एकेक करून उसवायला घेतले. पहिला उसवला, दुसऱ्याला त्यांच्या चिमटीत दोऱ्याचं टोक सापडेना. त्यांनी दोनदा शोधलं, तिसऱ्यांदा शोधलं आणि चौकोन माझ्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्यांनी उसवायचं काम दुसऱ्याला दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. बाई म्हणाल्या, "रडून दोरा भिजवू नको. शनिवारी सगळ्या सकाळी या."

शनिवारी आम्ही आठ वाजता बसलो. चौघींकडे दोन-दोन चौकोन, माझ्याकडे एक, कारण जोडण्याचं कामही माझ्याकडे होतं. बाई खुर्चीत बसून झालेल्या चौकोनावर बोट फिरवत आणि न विचारता सांगत, हा नसीमचा, हा मोठीचा. नसीम रोजा धरून विणत होती, तरी सगळ्यांत आधी तिचे झाले. माझा एक चौकोन दुपारी बाईंच्या हातात गेला. बाईंनी तो चाचपला आणि उसवून परत दिला. घड्याळात चार वाजले होते. माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बाई खूश झाल्या. पाच वाजून गेल्यावर किनार पुरी झाली.

ईस्टरच्या सकाळी आम्ही पाचही जणी चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो. उपासना संपल्यावर लोक मेजाभोवती जमले. कोणीतरी म्हणालं, यंदाही बाईंचा हात तसाच आहे. बाईंनी तिथेच खणखणीत आवाजात सांगितलं की एकोणीस चौकोन त्यांचे आणि नऊ मागे बसलेल्या बायकांचे, त्यांच्या हातून चूक झाली होती म्हणून. आणि आम्हाला उभं राहायला लावलं. कोल्हापूरच्या भर सभेत आपली चूक अशी मोठ्यानं सांगणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्या कोडोलीला भाचीकडे राहायला गेल्या. वर्ग मला दिला, म्हणजे खोलीची किल्ली दिली आणि "तू बोलतीस, म्हणून तुला," एवढंच म्हणाल्या. पुढच्या वर्षीची किनार मी विणली. त्याच्या पुढची, म्हणजे यंदाचीही. ईस्टरच्या आधी त्यांना फोन केला. दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, आवाज तोच होता. किनार झाली म्हटलं, चूक एकही नाही.

"कुणी बघितली?" बाईंनी विचारलं.

कोणीच नाही. मी शिकवणारी झाले होते, मला कोण तपासणार? फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी किनार वर्गात पसरून म्हटलं, सांगा. दहा मिनिटं सगळ्या नुसत्या वाहवा करत होत्या. मग नसीमनं घसा खाकरला आणि सातव्या चौकोनावर बोट ठेवलं. एक खांब, म्हणजे उभा टाका, गाळला होता मी.

संध्याकाळी बाईंना परत फोन लावून सांगितलं, की एक सापडली, नसीमनं सांगितली, आणि मी उसवून पुन्हा केलं.

"मग झालं," बाई म्हणाल्या. "आता मी नसलो तरी चालंल."

ईस्टरनंतर बारा दिवसांनी बाई गेल्या. आम्ही पाचही जणी कोडोलीला जाऊन आलो. तेव्हापासून वर्ग रोज तीनला भरतो, पोरी विणतात, मी उसवते, नसीम माझं उसवते. सगळं नीट चाललेलं आहे. पण बाईंचं ते शेवटचं वाक्य चुकलेलं आहे आणि ते त्यांना तोंडावर सांगायची हिंमत माझ्यात आहे. ऐकायला तेवढ्या त्या हव्या होत्या.