संसारात जीव कुठून आले?

राग माझ्या नाकावर जन्मापासूनच. त्या रागानंच मला नववी पास केलं, हे मी आजही ठासून सांगते. कोणाला हसायचं तर हसा.

आमचं गाव कटंगीच्या पुढं, हिंदी मुलखाच्या हद्दीवर, धानाच्या बांध्यांमधलं. घरात मराठी, दारात मराठी, आणि गावच्या शाळेतले गुरुजीसुद्धा हिंदीचं पुस्तक धरून अर्धं मराठीच बोलायचे. आठवीनंतर मला बालाघाटला मुलींच्या वसतिगृहात घातलं. तिथं सगळाच हिंदीचा कारभार. माझी अशी भंबेरी उडाली की पहिल्याच वर्षी नापास!

बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "एक डाव चालते. पुन्हा नापास झाली तर पेटी बांधायची अन् घरी. तुमसरकडचं स्थळ काही जन्मभर थांबत नाही."

मला ते स्थळ नको होतं. मला शिकायचं होतं.

तोंड पाडून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले, तर तिथं वेगळंच भांडण पेटलेलं. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो, तेव्हा बाबांनी घरातले देव नदीत सोडले. भिंतीतला देवाचा कोनाडा रिकामा पडला. आईला रिकामी जागा बघवत नाही, तिनं तिथं रोजच्या तांदळाचा डबा ठेवला. त्या डब्यात सोंडे झाले. तुमच्या-आमच्या तांदळात होतात तेच, काळे, लांब सोंडेचे किडे. पण आईचं म्हणणं निराळंच.

"देवाची जागा आहे ते. देव गेला तरी जीव पैदा करनच."

"कारणाबिगर काही होत नाही," बाबा म्हणायचे. "धम्मात हेच सांगतलं आहे."

"मंग दाखवा न कारण! झाकणाच्या डब्यात सोंडे काय कटंगीच्या बसनं आले?"

पुन्हा दुसऱ्या दिवशी जेवताना तेच. दोघांनी माझं डोकं नुसतं उठवलं! शेवटी चिडून मी काचेच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत कच्चे तांदूळ, दुसरीत तेच तांदूळ खमंग भाजून. दोन्हींची तोंडं मेणानं बंद केली, कोनाड्यात ठेवल्या आणि म्हटलं, आता कोणी हात लावाल तर बघा.

शाळा उघडायच्या सुमारास पाहिलं तर कच्च्या तांदळात सोंडेच सोंडे. भाजक्यात एक नाही.

"भाजल्यावर देव तरी काय करन बिचारा?" आई म्हणाली.

मग मी कच्चे दाणे सुईनं फोडत बसले. कितीतरी फोडले. एकात बारीकशी पांढरी अळी वळवळताना सापडली. तिला तळहातावर घेऊन मी आईच्या पुढ्यात धरली. एखाद्या मादीनं दाणा कोरून आत अंडं घातलं होतं, बरणी बंद व्हायच्या आधीच. भाजक्या तांदळातली अंडी भाजतानाच मेली. बाबा एवढे खूश झाले की जणू अळी त्यांनीच शोधली!

आईनं अळीकडं निरखून पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "बरं. अन् पयला सोंडा कुठून आला?"

बाबा धम्माचं पुस्तक उघडून बसले. मी पुन्हा सुई घेतली.

ते वर्ष गेलं. लेखी परीक्षा कशीबशी दिली. सगळी भिस्त विज्ञानाच्या तोंडी परीक्षेवर. त्या दिवशी बाबा सकाळच्या बसनं आले ते पेटी बांधायला दोर घेऊनच. व्हरांड्यात, दाराशी बसले. दोर मांडीवर.

पुस्तकात 'जीवन की उत्पत्ति' नावाचा धडा होता. समुद्र, वाफ, विजा, कोट्यवधी वर्षं, सगळं मी घोकलं होतं, अर्थ न कळता. परीक्षक बाहेरगावचे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "बताओ, संसार में जीव कहाँ से आए?"

संसारात? हिंदीत संसार म्हणजे अख्खं जग, हे मला कुठं ठाऊक! बाजारात सगळे दुनिया म्हणायचे. आमच्या भाषेत संसार म्हणजे चूल, डबे, भांडी. मी हबकलेच. आमच्या घरातली खबर या माणसाला कोणी दिली?

"जी, चावल के डब्बे में से," मी म्हटलं.

मागच्या मुली खो-खो हसल्या. शिकवणाऱ्या बहनजींनी कपाळाला हात लावला. आणि मला असा राग आला! हसता काय? दोन महिने डोकं मी लावलं, दाणे मी फोडले! मग मोडक्यातोडक्या हिंदीत, अडलं तिथं सरळ मराठीत, मी सगळं सांगून टाकलं. कोनाडा, देव, धम्म, दोन बरण्या, सुई, अळी. हसणं कधी थांबलं, मला कळलंच नाही.

परीक्षक पुढं वाकून ऐकत होते. "और पहला सोंडा?" त्यांनी विचारलं.

"उसका झगड़ा घर में अभी चालू है, साहब."

ते एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "दुनिया भर में चालू है, बेटी." मग बहनजींना म्हणाले, या मुलीनं विज्ञान सोडता कामा नये.

मी पास! अहो, विज्ञानात वर्गात पहिली!

निकाल पुढं लागला; त्या दिवशी बाबांनी दारातून सगळं ऐकलं होतं. दोर गुंडाळून त्यांनी पिशवीत कोंबला आणि म्हणाले, "चाल, भजी खाऊ." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हॉटेलात नेलं.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती फणकारली, "म्हणजे सवाल माहा, डबा माहा, अन् पास तू?"

सुट्टी संपून मी पुन्हा बालाघाटला निघाले, तेव्हा तिनं हातात एक जड पिशवी दिली. वरचं बांधलेलं फडकं सोडून पाहिलं तर आत तांदूळ, अगदी खमंग भाजलेले.

"घे," ती म्हणाली. "वर्षभर पुरन. यात नाही होत म्हणतेस न."