आटपाट नगरातलं पाणी

“आटपाट नगर होतं. बरं, तिथं पानी कोन भरायचं?”

गोष्ट कोणतीही असो, बाईंची सुरुवात हीच. राजा राहिला बाजूला, आधी पाण्याचा बंदोबस्त. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. नाशिकरोडच्या एका वस्तीत त्या बालवाडी चालवायच्या, आणि आमच्या संस्थेच्या बालवाड्या तपासणं हे माझं काम होतं.

गोष्टी संस्थेच्या छापील पुस्तकातल्याच, पण बाईंच्या तोंडी त्या वस्तीतल्या होऊन जात. शंभर वर्षं झोपलेली राजकन्या त्यांना मुळीच पटायची नाही. “पोरीच्या जातीला एवढं झोपू कोन देतं वो, मॅडम?” मग त्यांची राजकन्या दिवसभर विड्या वळून दमायची आणि तिची आई दाराशी बसून आल्यागेल्याला दटावायची, “हळू बोला, पोर झोपलीय.” अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल.

नावडत्या राणीची गोष्ट मात्र त्या जरा जपून सांगायच्या. कळवणला नवऱ्यानं दुसरी आणली, तेव्हा त्या घर सोडून निघाल्या होत्या. पुढे तोच नवरा न्यायला आला होता. एवढंच त्यांनी मला एकदा सांगितलं.

तपासणीच्या दिवशी मी मुलांना विचारलं, “राजा नावडतीला न्यायला आला. मग काय झालं?”

सगळा वर्ग ओरडला, “रानी म्हनली, हंडा घे आन् नळावर रांगेत उभा ऱ्हा!”

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथंच थांबले असते तर बरं होतं. पण पोटात काही राहत नाही, ही माझी जित्याची खोड. महिन्याच्या बैठकीत चहाच्या वेळी मी तो प्रसंग हातवारे करून सांगितला. सगळे हसले, अध्यक्षही हसले. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, “कुठली बाई ही?”

आठवत नाही, म्हणता आलं असतं. पण हशा चालू होता आणि मी रंगात आले होते. वस्तीचं नाव सांगून टाकलं.

आठवड्याभरात बाईंना पत्र गेलं. मुलांवर चुकीचे संस्कार, सबब सेवा समाप्त. ते घेऊन त्या माझ्याच घरी आल्या.

“कोनी त्यांना गोष्ट नीट सांगितली नसंल, मॅडम. तुमी होत्या ना त्या दिवशी? तुमीच अर्ज लिहा.”

मी लिहिला, अगदी पोटतिडकीनं. बाईंनी खाली सही केली. चार दिवसांनी तो अर्ज अभिप्रायासाठी माझ्याच टेबलावर आला. मलाही नोकरी टिकवायची होती, घरी दोन मुलं होती. पण आता कारणं सांगून काय उपयोग? मी लिहिलं, ‘नियमानुसार निर्णय व्हावा.’ त्या तीन शब्दांची लाज मला आजही वाटते.

बाईंचा भाऊ त्यांना वणीला न्यायला आला, त्या दिवशी मी स्टँडवर गेले. आज सगळं कबूल करायचं, असं ठरवूनच गेले होते. मला पाहताच बाई लगबगीनं उठल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत भावाला म्हणाल्या, “दादा, ह्याच त्या मॅडम. माझ्यासाठी लय धडपडल्या.”

भावानं टोपी सारखी केली आणि वाकून मला नमस्कार केला.

मीही हात जोडले.