कोकराएवढी सॅक
माळ्यावरची जुनी सॅक काढून झटकली, तर तिला अजून मेंढरांचा वास येत होता. परभणीला कॉलेजात होते तेव्हा शनिवार-रविवार जोडून मैत्रिणींबरोबर किल्ल्यावर जायचं ठरलं. घरापासून एवढं लांब मी पहिल्यांदाच निघाले होते. ताडकळसजवळच्या आमच्या अंगणात कितीदा तरी सॅक भरली आणि उपसली. जाड चादर गेली, साबणाचा अर्धाच तुकडा घेतला, आईनं बांधून दिलेल्या भाकरी मात्र काढवल्या नाहीत. मेंढरं रानात न्यायची सोडून आबा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून बघत होते. "लय हलकी झालीय, आबा," मी म्हणाले. त्यांनी उठून सॅक दोन्ही हातांनी छातीशी धरली. नुकतं जन्मलेलं कोकरू कळपाबरोबर चालू शकत नाही, तेव्हा ते त्याला असंच उचलून नेत. "कोकराएवढी हाय," ते म्हणाले. मी हात पुढं केला, पण त्यांनी दिली नाही. "थांब, आजून आंदाज घ्यायलोय," म्हणत ते फाट्यापर्यंत आले. बस आली, मी चढले, तरी सॅक त्यांच्या छातीशीच. शेवटी कंडक्टर म्हणाला, "मामा, द्या की आता पोरीला." काल तीच सॅक घेऊन माझी लेक ट्रेकला निघाली. एका बोटावर उचलावी इतकी हलकी भरली होती तिनं. स्टँडवर गाडी लागली तेव्हा सॅक माझ्याच हातात होती; तिनं हात पुढं केला आणि मी म्हणाले, "थांब, आजून आंदाज घ्यायलेय."