ओझेला मावशीचा सत्कार

शनिवारी सकाळी मी नाश्त्याची पावासारखी मऊ बिस्किटं ओव्हनमध्ये सरकवून सॉसेजची ग्रेव्ही ढवळत होते. माझा नवरा व्हर्जिल टेबलाशी बसून गिटारच्या तारा बदलत होता आणि तुटकी टोकं माझ्या साखरेच्या भांड्याजवळ टाकत होता. एवढ्यात दार वाजलं. वाजलं कसलं, कुणीतरी लाथच घातली.

उघडलं तर व्हर्जिलची ओझेला मावशी. दोन्ही हातांनी बँजोची पेटी कवटाळलेली, म्हणून दार बुटानं वाजवलेलं.

"अगं मावशी, मी येणारच होतो दुपारी तुला न्यायला," व्हर्जिल उठला.

"कशाला? खुर्चीत मांडून ठेवायला?"

म्हणजे तिला कळलं होतं. आमच्या केंटकीच्या खोऱ्यातले ब्लूग्रास, म्हणजे बँजो-फिडलचं आमचं डोंगरी संगीत, वाजवणारे दर सप्टेंबरात एका शनिवारी जुन्या शाळेच्या पटांगणात जमतात. पोटासाठी लांब गेलेलेही त्या दिवशी परततात. यंदा मेळाव्याच्या मंडळानं ठरवलं होतं, ओझेला मावशीला स्टेजवर बसवायचं, बायकांनी शिवलेली गोधडी द्यायची, टाळ्या वाजवायच्या. वाजवायला मात्र सांगायचं नाही.

मुलींनी फार तर गिटार वाजवावी, असं तिच्या बापाचं मत. म्हणून ही कोंबड्यांच्या खुराड्यात लपून त्याच्याच बँजोवर शिकली. पुढे शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. खाणकामगारांच्या संपात फाटकासमोर वाजवत बसली. पोलीस आले तेव्हा तिनं लय तेवढी वाढवली. खाणीनं नवरा नेला, तर पाद्री नको म्हणत असताना कबरीपाशी वाजवलं. मग अर्धांगाचा झटका आला आणि डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली.

आमच्या रिंगणात गाणं सुरू झालं की म्होरक्या एकेकाकडे बघून मान हलवतो. ज्याला खूण झाली त्यानं एकट्यानं वाजवायचं, बाकीच्यांनी हळू व्हायचं. म्होरक्या व्हर्जिलच. गेल्या वर्षी मावशीचा नंबर आला, तिनं बँजो वर घेतला, आणि यानं तिला ओलांडून पलीकडे फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्या रस्कोला मान हलवली. दयेपोटी. सगळ्यांनी पाहिलं.

"तुझी फजिती होऊ नये म्हणून गं," तो आता म्हणाला.

"फजिती माझी आहे. तू कोण रे ती वाचवणारा?"

तिनं तिथेच बँजो काढला आणि उरलेल्या बोटांनी सुरुवात केली. सूर घसरला, तार किरकिरली. ती थांबली, एक सणसणीत शिवी हासडली आणि तिथूनच पुढे गेली. "नेडीन, बिस्किटं करपतायत," वाजवता वाजवताच मला म्हणाली.

"मधे चुकलीस की," व्हर्जिल पुटपुटला.

"चुकले. संध्याकाळीही चुकेन. रस्को जन्मभर बेसूर वाजवतोय, त्याला दिलीत कधी गोधडी?"

मला हसू आवरेना. व्हर्जिलनं माझ्याकडे रागानं पाहिलं.

"लोक हसले तर, मावशी?"

"हसू देत. ते टाळ्या वाजवायचे तेव्हा तरी मी कुठे त्यांना विचारून वाजवत होते? गोधडी घेईन मी, थंडीत उपयोगी पडेल. खुर्चीत तुझ्या मंडळाच्या अध्यक्षाला बसव."

व्हर्जिल हातातली तार नुसतीच गुंडाळत राहिला. मावशीनं बँजो पेटीत ठेवला, कडी लावली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"एकच मागते, व्हर्जिल. आज माझा नंबर आला की माझ्याकडे बघून मान हलव."