टिटवीची तीन अंडी

होळी झाली की माझं अंग घरात ठरत नसे. बायको म्हणायची, "पायाला भिंगरी बांधून जन्मलात की काय?" दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. गोरेगावजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा निघाला होता, आणि या नव्या जिल्ह्यातला पाखरांचा पहिला जाणकार आपणच व्हायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, पण खाज होती खरी. रविवारी उजाडायच्या आत जुनी दुर्बीण गळ्यात अडकवायची, सायकल काढायची आणि माळ गाठायचा. तिथंही स्वस्थता नाही. चंडोल दिसला की पखुर्डी हवी, पखुर्डी दिसली की धाविक हवा. वहीत आकडा लिहायचा आणि पुढं पळायचं.

त्या माळावर एक म्हातारे धनगरबाबा मेंढरं चारायचे. सत्तरी उलटलेली, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि पुढं शंभरेक मेंढरं. मला जी काही पाखरं कळतात ती त्यांच्यामुळं. ते मान वर न करताच सांगायचे, "भाटतितर हाय गुर्जी. पाण्यावर निघालंय." मी धडपडत दुर्बीण लावायचो, तर खरंच पखुर्ड्यांची, म्हणजे बाबांच्या भाटतितरांची, जोडी तळ्याकडं निघालेली असायची. "नुस्त्या कानावर ओळखता, बाबा?" "तुमी लय पळता हो. बूड टेकवा, समदं ऐकू येतंय." त्यांच्या कानाचं कौतुक मी अख्ख्या शाळेला सांगत सुटलो होतो.

बाबांच्या घरात एक भांडण धुमसत होतं. धाकट्या लेकाला मेंढरं विकून जीप घ्यायची होती, गोरेगाव-सेनगाव फेऱ्या मारायला. थोरला त्याच्याच बाजूनं. बाबांनी दोघांना बजावलं होतं, "जवर मला दिसतंय तवर मेंढरं माझी. दिसायचं थांबलं की खुशाल इका." हे त्यांनीच मला हसत हसत सांगितलं. मग हसू थांबलं. "मेंढरं गेली की मी काय करू, गुर्जी? खाटंवर बसून माशा मारू?" मी म्हणालो, "तुमची नजर तर घारीची आहे, बाबा. काळजी कशाला?" ते काठीनं दगड उकरत बसले.

आमच्या गावात पाडव्याला एक रीत होती. टिटवी उघड्या माळावर खड्यांत अंडी घालते. ती उंचावर घातली तर पाऊस चांगला, नाल्यात घातली तर पाऊस ओढ देणार. आणि जितक्या अंड्यांची टोकं खाली, तितके महिने पाऊस. हे पाहायचा मान बाबांचा. सकाळी गुढ्या उभ्या केल्या, कडुलिंब खाल्ला की गावातली पंधरा-वीस माणसं त्यांच्यामागून माळावर जायची. पाखरू बुजू नये म्हणून सगळे लांब थांबायचे. बाबा एकटे पुढं जाऊन वाकायचे आणि मोठ्यानं सांगायचे. मेंढरं घेऊन कधी निघायचं, कधी परतायचं, हे धनगर मंडळी त्यावर ठरवायची. मी विज्ञान शिकवणारा माणूस, हसायचो. पण एकही पाडवा चुकवला नाही.

त्या वर्षी दोन्ही लेकही आले होते. धाकटा माझ्या शेजारीच उभा. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कलकलाट करत होती. बाबा आवाजाच्या रोखानं सावकाश गेले, काठी टेकली, वाकले. मला कुठला दम निघतोय! मी केव्हाच दुर्बीण लावली होती. करड्या खड्यांत अंडी स्वच्छ दिसत होती.

"चार हायेत!" बाबांनी हाक दिली. "चारीची टोकं खाली!"

लोक खूश झाले. आणि मी उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"अहो बाबा, तीनच आहेत! नीट बघा की!"

वर शहाण्यासारखी दुर्बीण धाकट्याच्या हातात दिली. "हे बघ. एक, दोन, तीन." त्यानं पाहिलं. मग दुर्बीण मला परत देऊन तो बापाकडं चालत गेला, चार पावलांवर थांबला आणि त्यानं हात वर केला.

"बाबा, ही बोटं किती?"

बाबांचा चेहरा त्याच्या आवाजाकडं वळला. "बापाला बोटं मोजाया लावतो व्हय रे?" ते ओरडले. पण आकडा काही सांगितला नाही. तिथंच खाली बसले. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. ते मान वर करत नव्हते, कारण वर करून उपयोगच नव्हता. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडलो, दीड फर्लांगावरचा धाविक हेरला, आणि हाताच्या अंतरावरचा माणूस मला दिसला नाही. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मी हिंगोलीला डॉक्टरकडं नेतो म्हणून हट्ट धरला, नेलंही. मोतीबिंदू असेल, काढता येईल, अशी आशा होती. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत येत नाही. परतताना एसटीत बाबा म्हणाले, "आदल्या दिशी सांजच्याला जाऊन हातानं चाचपून आलो होतो. तवा चार होती बराबर. राती कोल्ह्यानं एक नेलं असंल." मी खिडकीतून बाहेरचे पळस बघत राहिलो. एकही धड दिसला नाही.

पंधरा दिवसांत मेंढरांना गिऱ्हाईक ठरलं. मी थोरल्याला जाऊन भेटलो, धाकट्यापुढं हात जोडले, म्हटलं, निदान दहा तरी ठेवा त्यांच्यासाठी. धाकटा वाईट नव्हता. म्हणाला, "गुर्जी, आंधळ्याच्या मागं दहा मेंढरं कोण सांभाळणार? लांडगं हायेत माळावर. आन् दिसायचं थांबलं की इका, आसं तेच बोलले होते ना." त्याचं चुकत होतं असंही म्हणता येईना.

रविवारी सकाळी टेम्पो आला. मला घरी राहवेना आणि तिथंही उभं राहवेना. मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बाबा उभे होते. एकेक मेंढरू बाहेर निघताना ते पाठीवरून हात फिरवत होते, "ही भुरी, ही लंगडीची लेक," असं पुटपुटत होते. लेक उचलून टेम्पोत चढवत होते. मी नुसता या कुडापासून त्या कुडापर्यंत येरझारा घालत होतो. शेवटचं मेंढरू गेलं तरी त्यांचा हात तसाच पुढं राहिला.

"अजून किती राहिली, गुर्जी?"

वाडा रिकामा होता. लेंड्या आणि लोकर, बाकी काही नाही.

"आहेत की बाबा," मी म्हणालो. "आठ-दहा आहेत अजून."

त्यांनी जरा वेळ कान दिला. मग हात घोंगडीत घेतला.

"खोटं बोलता येतंय की तुमाला," ते म्हणाले. "मंग पाडव्याला काहून न्हाई बोलले?"